काळ्या दगडावरचा उजेड : प्रस्तावना

दगडखाण सुरू होते ती अख्ख्या गावाला हलवून. सुरुंगाआधीच्या शिट्ट्या वाजतात, कॉम्प्रेसर दिवसभर घरघरतो, हायवांची रांग लागते, रस्त्याकडेच्या बाभळी धुळीने पांढऱ्या होतात. ती बंद होते तेव्हा मात्र कुणाला पत्ताही लागत नाही. खाणपट्ट्याची मुदत संपते, किंवा खाली पाणी लागतं, किंवा घट्ट दगड संपून पोकळ्यांचा मांजऱ्या दगड सुरू होतो. यंत्रं उचलली जातात, मजुरांची पालं दुसऱ्या टेकडीच्या पायथ्याला जातात आणि मागे खड्डा राहतो. पहिल्या पावसात त्यात पाणी भरतं. सुट्टीत पोरं पोहायला उतरतात आणि कुठल्या ना कुठल्या गावातून एखादं पोर बुडाल्याची बातमी येते. मग चार दिवस कुंपणाची चर्चा होते.

हे पुस्तक त्या खड्ड्यांविषयी आहे. ते बुजवावेत कसे हा मात्र त्याचा विषय नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगात अशा सोडून दिलेल्या खाणींमध्ये बागा फुलल्या, नाटकं उभी राहिली, शिल्पकारांची शिबिरं भरली. आणि अलीकडे भिंतींवर, जमिनीवर, छतावर चित्रं सोडून माणसाला चित्राच्या आत उभं करणारे प्रकाशखेळ सुरू झाले. हा सगळा पसारा अहिल्यानगर जिल्ह्यात उभं राहून पाहिला तर त्यातलं आपल्या कामाचं काय, आणि आपल्याजवळ आधीपासून काय आहे, हा या पुस्तकाचा प्रश्न.

हाच जिल्हा का, याचं उत्तर त्याच्या जमिनीत आहे. १७,०४८ चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर पसरलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यातूनच इथल्या टेकड्या झाल्या. त्या दगडातून निजामशाहीचा भुईकोट किल्ला झाला, चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची तिमजली कबर झाली, १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं दगडी धरण झालं. आज त्याच दगडाची खडी होते आणि ब्रासच्या मापाने रस्त्यांवर पडते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. महामार्गाचं चौपदरीकरण झालं की आपण नवा रस्ता पाहतो. त्याच मापाची पोकळी कुठल्यातरी टेकडीत तयार झालेली असते, ती पाहायला कुणी जात नाही.

आता जगाकडे वळू. या विषयाची पंढरी म्हणावी असं ठिकाण फ्रान्सच्या दक्षिणेला आहे. प्रोव्हान्स प्रांतातलं ले बो हे डोंगरमाथ्यावरचं जुनं गाव. १८२१ मध्ये पिएर बर्तिए या भूवैज्ञानिकाने इथे जे लालसर खनिज ओळखलं, त्या बॉक्साइटला नाव मिळालं ते याच गावावरून. गावाखालच्या दरीत पांढऱ्या चुनखडीच्या खाणी होत्या. तिथे टेकडी वरून फोडत नसत; डोंगराच्या पोटात शिरून चौकोनी चिरे कापून काढत आणि छत पेलण्यासाठी जाड खांब तसेच सोडत. सिमेंट आणि पोलादापुढे चिऱ्यांची मागणी आटली, तेव्हा १९३५ साली खाणी बंद पडल्या. मागे राहिली ती उंचच उंच दालनं, सपाट पांढऱ्या भिंती आणि काळोख. कवी आणि चित्रपटकार जाँ कोक्तो याने १९५९ मध्ये इथे आपल्या ऑर्फियसवरच्या शेवटच्या चित्रपटाचं चित्रण केलं. १९७०च्या दशकात आल्बेर प्लेसी या छायाचित्र-पत्रकाराला या भिंतींत आयते पडदे दिसले. त्याने पारदर्शिकांचे प्रक्षेपक लावून प्रेक्षकाला चारी बाजूंनी प्रतिमांनी वेढलं. २०१२ पासून कुल्तुरएस्पास ही संस्था तिथे डिजिटल प्रयोग करते. सुमारे शंभर प्रक्षेपक, सुमारे ७,००० चौरस मीटर पृष्ठभाग, बरोबर संगीत. पहिला प्रयोग गोगँ आणि व्हॅन गॉग यांच्या चित्रांचा होता.

हा प्रयोग लोकांना इतका आवडला की त्याची घराणी निघाली. २०१८ मध्ये पॅरिसमधल्या एका जुन्या ओतशाळेत तसंच दालन उघडलं, दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या बंकरमध्ये उघडलं, पुढे बोर्दोच्या पाणबुडीतळात उघडलं. व्हॅन गॉगची सूर्यफुलं मग शहराशहरांत सभागृहांच्या भिंतींवर फिरू लागली. २०२३ मध्ये ती मुंबईतही आली. त्यावर नाक मुरडण्याचं काही कारण नाही. एरवी चित्रप्रदर्शनाची पायरी न चढणारी माणसं पोरंबाळं घेऊन तिथे जमिनीवर बसली, हे चांगलंच झालं. पण या वाटेवर एक गोष्ट निसटली, आणि ती आपल्यासाठी महत्त्वाची आहे. जो प्रयोग खाणीत, ओतशाळेत आणि भाड्याच्या सभागृहात सारखाच होतो, त्याला खाणीची गरज उरत नाही. तिथे दगड हा केवळ पडदा असतो. तो कुणी काढला, कशासाठी काढला, किती जणांची फुप्फुसं त्यात गेली, यातलं काहीच त्या सूर्यफुलांतून कळत नाही.

म्हणूनच मला ले बोपेक्षा तिथून फार लांब नसलेली दुसरी खाण अधिक जवळची वाटते. आविन्यों नाट्यमहोत्सवासाठी दिग्दर्शक पीटर ब्रुक जागा शोधत होता. बुलबों गावाजवळ त्याला चुनखडीची एक उघडी खाण सापडली, आणि जुलै १९८५ मध्ये तिथे त्याचं महाभारत उभं राहिलं. जाँ-क्लोद कारिएरचं लेखन, नऊ तासांचा खेळ, देशोदेशीचे नट, द्रौपदीच्या भूमिकेत मल्लिका साराभाई. रंगमंच म्हणून माती, एक लहानसा पाण्याचा प्रवाह, एक तळं, आणि आग. रात्रभर चालणारे प्रयोग संपायला आले की कड्यावर पहाटेचा उजेड चढायचा. त्या प्रकाशयोजनेतला सर्वांत मोठा दिवा सूर्य होता. गावच्या जत्रेत पहाटेपर्यंत तमाशा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कौरव-पांडवांची कथा युरोपातल्या एका टाकून दिलेल्या खाणीत रात्रभर चालू शकली, ती त्या जागेचा उघडेपणा आणि खडबडीतपणा दिग्दर्शकाने जसाच्या तसा स्वीकारला म्हणून.

बाकीची मंडळी भराभर पाहू. कॅनडात व्हिक्टोरियाजवळ जेनी बुचार्ट या बाईंनी नवऱ्याच्या सिमेंट कारखान्याची संपलेली चुनखडीची खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बागेत बदलत नेली. ऑस्ट्रियातल्या सांक्ट मार्गारेटनच्या खाणीने व्हिएन्नाच्या कॅथेड्रलला दगड दिला होता. तिथे १९५९ मध्ये कार्ल प्रांटल याने शिल्पकारांना एकत्र बोलावलं, पुढे त्याच खाणीत संगीतिका होऊ लागल्या. स्वीडनमधल्या दालहाल्लाचा खोल खड्डा १९९५ पासून खुलं संगीतगृह आहे. रॉबर्ट स्मिथसन याने १९७१ मध्ये नेदरलँड्समधल्या एम्मेनच्या वाळूच्या खाणीत पाणी आणि मातीचं वर्तुळ रचलं. आठ वर्षांनी रॉबर्ट मॉरिस याने अमेरिकेत एका रेतीच्या खाणीला पायऱ्यापायऱ्यांचा उतार दिला. खोदलेल्या जमिनीची जखम कलेने झाकून द्यावी की उघडी ठेवावी, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे. जपानमध्ये उत्सुनोमियाजवळ ओया दगडाची १९१९ ते १९८६ पर्यंत चाललेली भूमिगत खाण आता संग्रहालय आहे. तिथल्या भिंतींवर हाताने कापलेल्या काळातले आणि यंत्राने कापलेल्या काळातले ओरखडे वेगवेगळे ओळखू येतात, आणि दिवे लावताना त्याचं भान ठेवलेलं आहे.

सर्वांत शहाणं काम मला चीनमधल्या जिन्युन परगण्यातलं वाटतं. तिथे ३,००० हून अधिक लहानमोठ्या सोडलेल्या खाणी आहेत. श्यू तियानतियान या वास्तुकार बाईंनी त्यांतल्या मोजक्याच निवडल्या आणि शक्य तितका कमी हात लावला. एका खाणीत वाचनाची जागा केली, एकीत स्थानिक संगीतनाटकाचा मंच, आणि एकीत चक्क दगड कापणाऱ्या गावकऱ्यांनी आपलं काम लोकांना दाखवायची सोय. ज्यांनी ती पोकळी केली, तेच तिथले पहिले कलावंत ठरले.

भारतातल्या प्रकाशखेळांचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या शांबोर राजवाड्यावर पॉल रोबेर-उदँ याने ध्वनी आणि प्रकाशाचा पहिला खेळ केला. १९६५ मध्ये तो प्रकार दिल्लीच्या लाल किल्ल्यात आला आणि मग किल्ल्याकिल्ल्यांवर पसरला; पुण्याच्या शनिवारवाड्यातही झाला. रंगीत झोत, धीरगंभीर निवेदन, घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट, हा त्याचा साचा आजही फारसा बदललेला नाही. वास्तू इतिहासाची साक्ष देते म्हणून तिच्यावर उजेड पडतो. खाणीला तसा मान कधी मिळाला नाही. किल्ला झाला तो राजाचा. ज्या खड्ड्यातून तो निघाला, तो कुणाचाच नाही.

पण दगडावर उजेड टाकणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट नाही, आणि या पुस्तकाचा मोठा भाग याच सांगण्यासाठी लिहिला आहे. जेजुरीच्या पायऱ्या चढताना दुतर्फा ज्या दीपमाळा दिसतात, त्या काय आहेत? बेसॉल्टचा खांब, त्यातून बाहेर आलेले दगडी हात, प्रत्येक हातावर पणती. दिवसा ती नुसती वास्तू असते. पणत्या लागल्या की दगड दिसेनासा होतो आणि उजेडाचा एक खांब अंधारात उभा राहतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग वर सरकत चेहऱ्यापर्यंत. दगडी इमारतीची दिशा आणि सूर्याची चाल यांचा इतका काटेकोर मेळ कुणीतरी शतकांपूर्वी बसवून ठेवला. पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवून पडद्यावर रामायण उभं करत आले. आणि कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' हा जादूच्या दिव्याचा खेळ गावोगाव नेला: काचेवर हाताने रंगवलेल्या पारदर्शिका, अनेक दिवे एकावर एक असे वापरून हलतात असं भासणारी चित्रं, त्यांत पुराणातल्या कथा. ले बोच्या गुहेत पहिला प्रक्षेपक लागण्याच्या ऐंशीएक वर्षं आधी आपली माणसं अंधारात बसून प्रकाशचित्रं पाहत होती.

आणि अंधाऱ्या खोदीव जागेत माणसाला पुरतं बुडवून टाकणाऱ्या अनुभवाचं म्हणाल, तर तो याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडावर आहे. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात लिंग आहे, भोवती चार खांब होते, त्यांतला एकच शाबूत आहे. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घातली की बाहेरचा उजेड पाण्यावर हलतो आणि छतावर उमटतो. तिथे कुणी प्रक्षेपक लावलेला नाही. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला कातळात कोरलेलं लेणं आहे, आणि निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने गोट्यांच्या मदतीने कोरलेले रांजणखळगे. लेणं खोदणाऱ्याने दगड काढला तसा खाणवाल्यानेही काढला. एकाने काय ठेवायचं ते आधी ठरवलं, दुसऱ्याने काय न्यायचं ते. वेरूळच्या कैलासाभोवतीचा खोल चौक ही एका अर्थी आठव्या शतकातली खाणच आहे, फक्त तिच्या मध्यभागी देऊळ राखलं गेलं.

आता मुख्य अडचणीकडे येतो. ले बोचा दगड पांढरा आहे, आपला काळा. ही बाब वरवर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात सगळं गणित तिच्यावर फिरतं. चुनखडीवर पडलेला बराचसा उजेड परत येतो, म्हणून तिथे व्हॅन गॉगचा पिवळा पिवळाच दिसतो. बेसॉल्ट उजेड गिळतो. त्याच प्रक्षेपकाने तेच चित्र आपल्या खाणीच्या भिंतीवर टाकलं तर रंग मळकट होतात आणि बारीक रेषा हरवतात. शिवाय आपल्या खाणी उघड्या आहेत. वर चांदणं आहे, शेजारी महामार्गाचे दिवे आहेत, चार महिने पाऊस आहे. भिंतीला पांढरा रंग फासायचा, वर पत्र्याचं छप्पर घालायचं आणि जनरेटर लावून परदेशी चित्रं फिरवायची, हा उपाय कुणीतरी नक्की सुचवेल. तो माझ्या मते या जागेचा नाश आहे.

दुसरा मार्ग समजून घ्यायला साधी बॅटरी पुरते. रात्री बंद खाणीच्या भिंतीसमोर उभं राहून बॅटरीचा झोत सरळ टाका: काळा सपाट पडदा दिसतो, बाकी काही नाही. आता भिंतीला खेटून उभे राहा आणि झोत भिंतीला जवळजवळ समांतर, तिरका सोडा. भिंत एकदम जागी होते. वरून खाली उतरलेल्या उभ्या पन्हळी दिसतात. त्या सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उरलेल्या अर्ध्या नळ्या. त्यांच्या आजूबाजूला स्फोटाने तडकलेल्या रेषा पसरलेल्या असतात. खाण जुनी असेल तर एखाद्या कोपऱ्यात पहारीचे आणि छिन्नीचे आखूड घाव सापडतात, एकाच उंचीवर, एकाच तिरक्या दिशेने. हात कुठल्या बाजूने पडत होता ते त्यांवरून कळतं. मध्येच विटकरी लाल मातीचा पट्टा येतो: दोन लाव्ह्यांच्या दरम्यानच्या काळात जमीन उघडी राहिली, तिची झीज झाली, त्याची ती खूण. मांजऱ्या थरातल्या पोकळ्यांत गारांचे स्फटिक चमकतात. याच दगडाच्या पोकळ्यांतून पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत निळंभोर कॅव्हान्साइट निघालं, ज्यासाठी जगभरचे संग्राहक वाघोलीचं नाव ओळखतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने पाहायला मिळतात. काळा दगड चित्र स्वीकारत नाही. त्याच्यापाशी स्वतःचंच दाखवण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला थोडा, खालून किंवा बाजूने आलेला उजेड पुरतो.

तो आवाजही परत देतो. घट्ट बेसॉल्टच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये संबळाचा एक ठोका पडला की तो फिरून फिरून येतो. उजेड कमी आणि नाद भरपूर, ही आपल्या खाणीची प्रकृती आहे. दिवट्यांच्या उजेडात चालणारा गोंधळ, जागरण, कीर्तन, पोवाडा या कलांनी याच प्रकृतीत जन्म घेतला. पाणी असेल तर त्याचा आरसा मिळतो. भिंतीवर टाकायचा उजेड पाण्यावर टाकला तर तो हलत भिंतीवर जातो. तंत्रज्ञान नको असं मी मुळीच म्हणत नाही. ड्रोनने आणि लेसरने खाणीचं नेमकं मोजमाप घेता येतं, थरांच्या रेषांवर बरोबर बसेल असा प्रकाश आखता येतो, कमी विजेचे एलईडी आता तालुक्याच्या बाजारात मिळतात. फक्त सुरुवात यंत्रापासून न करता भिंतीपासून करावी, एवढंच.

आणि माणसांपासून. वडार, बेलदार, पाथरवट यांच्या पिढ्या या दगडात गेल्या. पाटे-वरवंटे घडवणारे, गावोगाव फिरून जात्याला टाकी लावून देणारे, घणाने डबर फोडणारे, आणि आता क्रशरच्या पट्ट्याशी तोंडाला फडकं बांधून उभे राहणारे हात हेच. अहिल्यानगर शहरात दमडी मशीद आहे, सोळाव्या शतकातली, नाजूक कोरीवकामाची. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी एकेक दमडी जमवून ती उभी केली, अशी तिची कथा सांगतात. दगडकामगारांच्या दमडीवरून ओळखली जाणारी वास्तू ज्या शहरात आहे, तिथल्या खाणीत त्यांच्या नावाचा उजेड लागू नये हे पटण्यासारखं नाही. पुणे जिल्ह्यात 'संतुलन' संस्थेने खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाणशाळा काढल्या, तेव्हा खाणीजवळ मुलंही राहतात याची अनेकांना प्रथमच जाणीव झाली. बंद खाणीत कलाकेंद्र व्हायचं असेल तर तिकीटखिडकीपासून मार्गदर्शकापर्यंतच्या कामांवर पहिला हक्क या घरांचा असावा, आणि भिंतींमध्ये ऐकू येणारा आवाजही त्यांचाच असावा. भाड्याने आणलेल्या निवेदकाला घण किती किलोचा असतो हे ठाऊक नसतं.

अवर्षणाच्या जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न कलेच्या आधी येतो, आणि तो यायलाच हवा. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारने पाण्याचा थेंबन्थेंब मोजायला शिकवलं. बंद खाण हे आयतं तळं आहे. २०१७च्या दुष्काळात चेन्नईने शहराबाहेरच्या सिक्करायपुरमच्या खाणींतलं पाणी शुद्ध करून प्यायला घेतलं. आपल्याकडे कोल्हापूरचा रंकाळा पाहा. ती मुळात दगडाची खाण होती, देवळाचा दगड तिथून निघाला, असं परंपरा सांगते. आज रंकाळ्याशिवाय कोल्हापूरची कल्पना करता येत नाही. संध्याकाळी तिथे अख्खं शहर फिरायला येतं. खाणीला माणसांनी आपलंसं केल्याचं इतकं जुनं आणि इतकं जितंजागतं उदाहरण घरात असताना फ्रान्सपासून सुरुवात करावी लागते, हे खटकतं. पाण्याचा प्रश्न आधी येतो, म्हणून ज्या खाणीचं पाणी गावाला लागतं तिथे प्रकाशखेळ करू नये, निदान उन्हाळ्यात करू नये, असं या पुस्तकात स्पष्ट म्हटलं आहे.

प्रकाशाचं आणखी एक देणं आहे. अकोले तालुक्यातच, भंडारदरा-घाटघर परिसरात, पावसाच्या तोंडावर काजव्यांचा मोसम येतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांची झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. काजव्यांची ती उघडझाप म्हणजे नर-मादीची एकमेकांना साद असते. ते पाहायला शनिवार-रविवारी मोटारींची रीघ लागते, हेडलाइट पडतात, मोबाइलचे फ्लॅश उडतात, आणि ज्या अंधारामुळे हे घडतं तोच नाहीसा होतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या आसपास दिव्यांचा कुठलाही नवा खेळ आणू नये, यावर मी ठाम आहे. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या काळविटांच्या माळालाही तेच लागू. सोडलेल्या खाणींच्या कपारींत शृंगी घुबडं घरटी करतात. विणीच्या हंगामात तिथे ढोल वाजवणं म्हणजे त्यांना हाकलणंच. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. अंधारही जपायची संपत्ती आहे हे महाराष्ट्राने तिथे मान्य केलं, ते इतर जिल्ह्यांतही पोचायला हवं. खाणीतला खेळ दोन तासांचा असावा, दिवे खाली झुकलेले असावेत, आणि खेळ संपला की ते खरोखर बंद व्हावेत.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? रस्त्यांची कामं जोरात आहेत, म्हणजे आज चालू असलेल्या पुष्कळ खाणी येत्या काही वर्षांत रिकाम्या होतील. दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. पुढच्याच वर्षी राज्याचे गौण खनिज उत्खननाचे नियम आले. २०१५च्या केंद्रीय कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद केली. खाणींची झळ बसलेल्या गावांसाठी पैसा वापरणं हा त्यांचा कायद्याने ठरलेला हेतू. म्हणजे खाण संपल्यावर काय, हा प्रश्न विचारायला कागदावर जागा आहे. पट्टा देतानाच तो विचारला तर भिंत उभी तोडायची की टप्प्याटप्प्याने, कोणता कोपरा राखायचा, उतरायला वाट कुठे ठेवायची, हे ठरवता येतं. शेवटचा सुरुंग उडाल्यावर विचारलं तर हाती फक्त कुंपण लागतं. सैल झालेले दगड उतरवणं, कडा स्थिर करणं, पाण्याभोवती कठडा घालणं ही कामं कुठल्याही दिव्याच्या आधीची. त्यांचा खर्च कलेच्या खर्चापेक्षा जास्त येऊ शकतो हे आयोजकांनी पहिल्या बैठकीतच मान्य करावं.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने झाली आहे. आधी दगड आणि तो काढणारे, मग जगातले प्रयोग, मग आपल्या उजेडाच्या परंपरा, आणि शेवटी एखाद्या गावाला आपली खाण हाती घ्यायची असेल तर कामाला येईल असा भाग. कलेच्या अभ्यासकाला शेवटचा भाग रुक्ष वाटेल, सरपंचाला मधला लांबलेला वाटेल. दोघांनी एकमेकांचं पान उलटून पाहावं अशी माझी विनंती आहे, कारण आजवर हे दोन वाचक एका टेबलाशी क्वचितच बसले आहेत. भूगर्भशास्त्राच्या संज्ञा जिथे खाणीवर बोलला जाणारा शब्द मिळाला तिथे त्याच शब्दाने दिल्या आहेत: मांजऱ्या, डबर, गेरूचा थर. कुठल्या खाणीत काय करावं याचा तयार आराखडा मात्र यात मुद्दाम दिलेला नाही. तो ग्रामसभेत ठरावा. शेवटच्या प्रकरणाला जोडून खाणीची नोंद करायचा एक तक्ता दिला आहे: खोली, पाण्याची पातळी महिनावार, भिंतीची दिशा आणि तिच्यावर ऊन कधी येतं, घरट्यांच्या जागा, शेवटचं काम करणाऱ्या मजुरांची घरं कुठे आहेत. तो फाडून घ्यावा, झेरॉक्स काढावी, आणि शाळेतल्या मोठ्या मुलांना शिक्षकांबरोबर, कडेपासून लांब उभं राहून, भरायला द्यावा.